बार मिट्झवा: पहिला फोन हॉलवाल्याला नको

आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरात मुलगा बारा वर्षांचा झाला की आई-बाप त्याच्या बार मिट्झवासाठी (तेरा वर्षं भरली की मुलगा धर्माने सज्ञान होऊन तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचतो, तो सोहळा) हॉल शोधायला लागतात. इथेच पहिली चूक. आधी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळी, प्रार्थना चालवणाऱ्या हझानला गाठा.

तेरा वर्षं मोजायची ती हिब्रू पंचांगाने, आणि आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. बाळ रात्री आठला झालं असेल तर तिथी पुढची. जन्मदाखल्यावर वेळ नसेल तर हॉस्पिटलचे जुने कागद उपसा. अदारमधल्या मुलांचं आणखी जपून, कारण १९ वर्षांत ७ वेळा हा महिना दोनदा येतो.

आता खरा घोटाळा. हॉल आठवडाभर पुढचा मिळतो आणि कुणीतरी म्हणतं, "आठवड्याने काय बिघडतंय?" बिघडतं ते असं, की दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोरातली वेगळी पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा ठरलेला भाग, वाचतात. शनिवार सरकला की पराशाही बदलली. माझ्या भाच्याने आठ महिने घोकलेलं आमच्या हौसेपायी वाया चाललं होतं. सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. तेरा वर्षांच्या पोराने ते ऐन वेळी नव्याने कसं वाचायचं?

हझाननेच वाट काढली. येणाऱ्या पराशाचा सुरुवातीचा भाग त्याच आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. भाच्याने गुरुवारी वाचलं, जेवण पुढच्या रविवारी झालं. म्हणून मुलाला पराशाची सुरुवातच शिकवा, अडलं तर तीन दिवस हाताशी राहतात. शिवाय शब्बाथला तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या कातडी पेट्या) बांधत नाहीत, फोटोही काढत नाहीत. गुरुवारी दोन्ही चालतं. मुलगा डावखुरा असेल तर तेफिलीन घेतानाच सांगा, त्याची उजव्या हाताला बांधतात.

इस्राएलमधल्या मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरून शिकवत असाल तर तारीख ताडून पाहा. पेसाह सणाचा आठवा दिवस शनिवारी आला की काही आठवडे तिथली पराशा आपल्या एक पाऊल पुढे असते.

गुरुवारी सकाळी माणसं कामावर पळतात. मांडवीची १७९६ सालची जुनी मशीद (नाव मशीद, पण आहे सिनेगॉगच) असो की ठाण्याचं १८७९चं सिनेगॉग, मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतातच. पंधरा जणांना सांगून ठेवा.

केटररला "पोर्क नको" एवढं सांगून भागत नाही. मटण कोशेर, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे कापलेलं, असलं तरी मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून बिर्याणीत तूप-दही नको, बाजूला रायतं नको, शेवटी रबडी नको आणि कोळंबी तर नकोच. शाकाहारी किंवा खवल्यांच्या माशांचं जेवण ठेवलं की निम्मी डोकेदुखी जाते.

मलिद्याचे, म्हणजे आपल्या प्रसादाच्या ताटाचे, पोहे मात्र घरीच करा. तासभर आधी भिजवले की लगदा होतो. नुसते धुऊन निथळायचे, खोबरं-साखर वेळेवर चोळायची, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं सुरू व्हायच्या आत फळं चिरून ताट तयार हवं.