बिलियर्ड्स शिकताय? समोरच्याचा बॉल दिसला की लगेच पॉकेटात घालू नका

मी परभणीचा. संभाजीनगरला कॉलेजात असताना स्नूकरचा नाद लागला, तिथून बिलियर्ड्सकडं वळलो. इथं बॉल तीनच, आपला, समोरच्याचा आणि रेड. पॉइंट कसे धरतात त्यात जास्त शिरत नाही, सरळ मी जिथं फसलो तेच सांगतो.

पुण्यात पहिलीच मोठी मॅच. समोरच्याचा पिवळा बॉल मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, मी अलगद घालून टाकला, दोन पॉइंट, लई भारी वाटलं. स्नूकरचा हात ना, बॉल दिसला की घालायचा. पण इथं समोरच्याचा बॉल पॉट झाला की त्याची पाळी येईपर्यंत तो टेबलावर परत येतच नाही. तुमच्याकडं उरतो एकटा रेड, मग कॅनन, म्हणजे एकाच शॉटात आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लावणं, संपला. बरं, रेडवर नुसते इन-ऑफ (आपलाच बॉल रेडला लागून पॉकेटात) आणि पॉट (रेडच पॉकेटात) मारत बसावं तर असे शॉट, म्हणजे हॅझर्ड, सलग पंधराच चालतात, पुढं कॅनन लागतोच आणि तो कशावर मारणार? वर तुम्ही चुकलात की समोरचा डी मधून, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धगोलातून, पाहिजे तिथून खेळणार. मी पुढच्याच शॉटला चुकलो. समोरचे साठीतले काका कोट काढून शांतपणे खेळत राहिले, मी खुर्चीत बसून चॉक कुस्करत होतो. तो दिवस अजून टोचतो.

आपले बिलियर्ड्सवाले गीत सेठी, त्यांनी 1992 ला वर्ल्ड प्रोफेशनल स्पर्धेत 1276 चा ब्रेक लावला, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे पॉइंट, एवढा ब्रेक तिन्ही बॉल हाताशी ठेवल्याशिवाय होतच नाही भाऊ.

मला सुधरवलं ते बिलियर्ड्स पार्लरातल्या म्हाताऱ्या मार्करनं, म्हणजे तिथं पॉइंट मांडणाऱ्या माणसानं. माझं स्पष्ट मत आहे, रील बघून ट्रिक शॉट शिकण्यापेक्षा असा मार्कर गाठा, चहा पाजा, ऐका. त्यानं रेड मधल्या स्पॉटवर ठेवला, माझा बॉल डी मध्ये, आणि हाफ-बॉल लावून (म्हणजे रेडच्या अर्ध्या भागावरच आदळवून) वरच्या पॉकेटात इन-ऑफ मारायला लावला. बॉल पॉकेटात गेला तरी तो तिकडं बघायचाच नाही, रेड वरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागून परत मध्ये आला का तेवढंच बघायचा. नाही आला तर "पुन्हा". सहा महिने रोज संध्याकाळी हेच.

पैशाच्या आशेनं येऊ नका, आधी नोकरी धरा, हे कडक सांगतो. पण वय गेलं म्हणून घाबरू पण नका. आपल्या पुण्याचे विल्सन जोन्स 1958 ला वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले तेव्हा छत्तिशीचे होते, 1964 ला परत जिंकले.

आणि पार्लरात महिन्याचे पैसे भरायच्या आधी टेबल बारा फुटी आहे का ते बघा, पूलच्या छोट्या टेबलावर तो इन-ऑफ बसतच नाही.