गाडीला गंजरोधक रंग मारताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की कोकणपट्टीत अंडरबॉडी कोटिंगची कामं जोरात निघतात. गाडी लिफ्टवर चढते, खालून प्रेशरने धुतली जाते, जेमतेम वाळते न वाळते तोच तिच्यावर काळं रबरी कोटिंग बसतं. दिसायला झकास. दोन पावसाळ्यांनी त्याच काळ्या थराखाली स्क्रूड्रायव्हर सरकवून बघा. तळव्याएवढा पापुद्रा अलगद सुटतो आणि आत ओला तपकिरी भुगा असतो. अशा वेळी सगळे कोटिंगच्या कंपनीला नावं ठेवतात. बहुतेकदा कोटिंग ठीकच असतं. ते ज्या पत्र्यावर मारलं तो ओला, खारट आणि आधीच गंजलेला होता. वरून झाकण घातल्यामुळे आतलं पाणी वाळायचीही सोय राहिली नाही.

आधी घासणं, मग धुणं

क्रम उलटा हवा. लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) किंवा क्रॉस मेंबरवर (सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर) ऑइल-ग्रीसचा थर असताना पॉलिश पेपर चालवला, तर ते ग्रीस ओरखड्यांत घुसून बसतं. म्हणून आधी डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने) किंवा साबणाच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, मग घासा आणि रंगाआधी स्वच्छ फडक्याला थिनर लावून पुन्हा पुसा. एकच फडकं शेवटपर्यंत फिरवलं तर तेल निघत नाही, फक्त पसरतं. रॉकेल आणि डिझेलने मळ सुटतो हे खरं, पण मागे तेलकट पातळ थर उरतो. शेवटचा हात त्याचा नको. पत्रा तेलमुक्त झाला की नाही हे बघायला त्यावर थोडं पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब-थेंब होऊन तुटलं तर अजून तेल आहे.

मीठ घासून जात नाही

समुद्राजवळच्या गाड्यांत सगळ्यात जास्त नडतं ते हेच. गंजाने पत्र्याला बारीक खड्डे पडतात आणि मीठ त्या खड्ड्यांच्या तळाशी बसतं. वरून पत्रा चकचकीत झाला तरी तळातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. रंगाचा कुठलाच थर पूर्ण अभेद्य नसतो, त्यामुळे काही महिन्यांत तिथे टाचणीच्या डोक्याएवढे फोड येतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. उपाय कंटाळवाणा आहे पण साधा: तेल काढून झालं की घासा, गोड्या पाण्याने ब्रश मारून धुवा, वाळवा, पुन्हा घासा. धुतलेला पत्रा रात्रभर ठेवल्यावर ठरावीक ठिपक्यांतच काळपट-लाल डाग उठले, तर तिथे मीठ शिल्लक आहे असं समजा आणि पुन्हा धुवा. बोअरच्या खारट पाण्याने हे काम करण्यात काही अर्थ नाही.

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम पटकन होतं, पण त्याने गंज निघण्याऐवजी पुष्कळदा घोटला जातो. काळपट चमक येते आणि ‘झालं साफ’ असं वाटतं. अशा गुळगुळीत भागावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. ब्रशनंतर ८० नंबरचा पेपर मारून पृष्ठभाग खरखरीत कराच. डोळ्यांना गॉगल हवा. त्या ब्रशच्या तारा सुटून उडतात. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

रस्ट कन्व्हर्टर म्हणजे जादू नव्हे

फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचा कन्व्हर्टर गंजाशी संयोग पावून त्याचा घट्ट काळा थर करतो. त्यासाठी पातळ, चिकटून बसलेला गंज लागतो. सुटे पोपडे असतील तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. उघड्या चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नगण्य. काही कन्व्हर्टर नंतर धुवावे लागतात, काही मुळीच धुवायचे नसतात. डब्यावरची सूचना वाचा. जास्तीचं आम्ल तसंच ठेवून वर इपॉक्सी प्रायमर मारला, तर तो नीट कडक होत नाही आणि चादरीसारखा सुटतो. सस्पेन्शनच्या स्प्रिंग आणि उच्च ताकदीचे बोल्ट आम्लात बुडवून ठेवू नका. त्यांच्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन तुटू शकतं.

प्रायमरची गफलत

जस्ताची पूड भरलेल्या झिंक प्रायमरमधलं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी ते उघड्या पोलादाला टेकलं पाहिजे. गंजावर किंवा दुसऱ्या प्रायमरवर मारलं तर पैसे वाया. रेड ऑक्साइड प्रायमरची गोष्ट वेगळी. स्वस्त, कुठेही मिळणारा, पण सच्छिद्र. ‘आत्ता रेड ऑक्साइड मारून ठेवू, रंगाचं पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत पावसात सोडलेला भाग खालून पुन्हा गंजतो. पीओआर-१५सारखे हवेतल्या ओलाव्यावर कडक होणारे रंग गंजलेल्या खरखरीत पत्र्याला छान धरतात, पण गुळगुळीत पत्र्यावरून सुटतात. उन्हात त्यांचा रंगही उडतो, म्हणून ऊन लागणार तिथे वरून दुसरा रंग हवाच. जाड हात मारला की त्यात बुडबुडे येतात. दोन पातळ हात बरे.

धारदार कडांवरून ओला रंग मागे सरकतो, म्हणून गंज नेहमी कडेपासून सुरू झालेला दिसतो. कडा किंचित गोल करा आणि पहिल्या हाताआधी ब्रशने तेवढ्या कडा रंगवून घ्या.

हवा

धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, हा उद्योगातला नेहमीचा दंडक. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश, म्हणजे पत्रा निदान २९ अंशांवर हवा. जुलैत कोकणात हे गणित जमवणं अवघड. घासलेला पत्रा तिथे काही तासांत लालसर होतो, त्यामुळे सकाळी घासून संध्याकाळी प्रायमर असा बेत आखू नका. स्प्रे गनने काम असेल तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा.

कुठे रंग लावू नये

ब्रेक डिस्क, सायलेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, रबरी बुश, ब्रेकचे होज, शॉक ॲबसॉर्बरचा चकचकीत रॉड आणि बॅटरीच्या अर्थिंगचा बोल्ट झाकून घ्या. चाक जिथे हबला टेकतं तिथे जाड थर नको. तो दबला की नट ढिले पडतात. दरवाजांच्या आणि फुटबोर्डच्या खालची पाणी निचऱ्याची भोकं कोटिंगने बुजवणं हा तर गाडी आतून सडवायचा हमखास मार्ग. कोटिंगनंतर तारेने ती मोकळी करा आणि पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) सोडा. तिथे ब्रश पोचतच नाही.

जॅक पॉइंटजवळ हातोडीने टकटक करून बघा. आवाज बद्द आला, टोच्या आत गेला, तर लांबी (पुटी) भरून रंग मारू नका. तिथे पत्रा कापून वेल्डिंगच लागतं.

बिघडल्यावर

रंगात गोल गोल डोळे पडले तर सिलिकॉन किंवा तेल आहे. शेजारी कोणी डॅशबोर्ड पॉलिश फवारत असेल तरी पुरतं. वाळल्यावर घासून, पुसून पुन्हा मारा. रंग सुरकुतला तर दोन हातांमधली वेळ चुकली, किंवा साध्या इनॅमलवर तेज एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा रंग गेला. सुरकुतलेला थर पूर्ण काढावा लागतो. पापुद्रे सुटले तर त्यांची मागची बाजू बघा. मागे गंज चिकटलेला असेल तर गंज नीट काढला नव्हता. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल तर पत्रा खरखरीत केला नव्हता किंवा तेल राहिलं होतं. हार्डनर घालायच्या टू-के (दोन भाग मिसळून वापरायच्या) पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. स्प्रे करताना साध्या कापडी मास्कचा काही उपयोग नाही, ते काम बाहेरची हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडे द्या.