सोयाबीनला गंधक पेरणीतच द्या

दर जूनला तेच बघतो. खताच्या दुकानापुढे डीएपीसाठी रांग आणि आत सुपर फॉस्फेटची थप्पी धूळ खात. ऑगस्टमध्ये त्याच रांगेतली माणसं पिवळं सोयाबीन हातात धरून विचारतात, काय मारू?

डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र (नायट्रोजन), 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि गंधक शून्य. सुपर फॉस्फेट बनतं ते रॉक फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून, म्हणून त्यात 11 टक्के गंधक आयताच येतो. पूर्वी शेणखतातून थोडाफार मिळायचा. आता जनावरंच उरली नाहीत.

मराठवाड्यासाठी शिफारस आहे हेक्टरी 30:60:30 किलो नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) आणि वर 20 किलो गंधक. एकराचा हिशेब: सुपर फॉस्फेट 50 किलोची 3 पोती, युरिया 26 किलो, पोटॅश 20 किलो. गंधकाची गरज 8 किलोची, जातो 16. डीएपीच टाकायचं असेल तर सोबत 90 टक्के बेंटोनाइट गंधक 9-10 किलो, तेही पेरणीलाच.

उभ्या पिकात हेच बेंटोनाइट गंधकाचे पिवळे दाणे गळ्यात मारतात, ते घेऊ नका. पिकाचं मूळ हा गंधक तसाच उचलत नाही. जमिनीतले जिवाणू त्याचं पिकाला घेता येईल असं सल्फेट करतात, त्याला ओल आणि काही आठवडे लागतात. पावसाचा खंड पडला असताना एका रानात झाडाच्या बुडाशी उकरलं, तर महिन्यापूर्वी फेकलेले दाणे जसेच्या तसे हाताला लागले. शेंगा भरायची वेळ निघून चालली होती.

ओळख नीट करा. शेंड्याची कोवळी पानं शिरांसकट फिकी आणि खालची हिरवी, तर गंधक कमी. खालची आधी पिवळी, तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, तर लोह. पाणी साचूनही पीक पिवळं पडतं, आधी चर काढा. टॉनिकच्या बाटलीने यातलं काहीच भरून निघत नाही.

गंधकच कमी असेल तर वाफशावर (जमिनीत बेताची ओल असताना) एकरी 25 किलो अमोनियम सल्फेट ओळीलगत द्या. हा माझा अनुभवाचा आकडा, शिफारशीतला नव्हे. मुरमाड, उताराच्या रानात पिवळेपणा आधी दिसतो असं माझं निरीक्षण आहे, तिथून फेरी सुरू करा.

बाकी कामं:
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
- उगवण किमान 70 टक्के, घरीच तपासा
- बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम हे जिवाणू खत
- पेरणीची खोली 3-4 सेंमी
- माती परीक्षणात गंधक 10 पीपीएमखाली (किलोभर मातीत 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी) असेल तर सुपर फॉस्फेट टाळूच नका

पाऊस पडला की दुकानात गर्दी होते आणि मिळेल ते पोतं उचललं जातं. सुपर फॉस्फेटची 3 पोती आत्ताच आणून ठेवा.