स्टेशन ते स्टेशन चालताय? या चुका टाळा

ठाण्यात राहणाऱ्याला रविवारी पायी भटकायला गाडी काढावी लागत नाही. एका स्टेशनावर उतरायचं, शेतांतून नाहीतर खाडीकडेने चालत दुसरं स्टेशन गाठायचं आणि मिळेल त्या लोकलने घरी जेवायला यायचं. गेली बारा-तेरा वर्षं आम्ही चार-पाच जण हेच करतोय. दर हिवाळ्यात नवी मंडळी सामील होतात आणि त्याच त्या चुका करतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली चूक घरातच होते. ‘लोकलला तीन मिनिटं लागतात, म्हणजे चालत अर्धा तास!’ अहो, रूळ सरळ जातात. डोंगर आडवा आला तर तो पोखरून जातात. पारसिकचा बोगदा १९१६ पासून आहे आणि सव्वा किलोमीटरहून लांब आहे, पण तो गाडीसाठी. तुमच्या नशिबी वळसाच. मी रुळाच्या अंतराची दुप्पट धरतो, खाडीकाठी अडीचपट, आणि वेग ताशी तीन किलोमीटर. चौथा किलोमीटर फोटो काढण्यात जातो.

हिशोब चुकला की उशीर होतो, आणि उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, ‘रुळाच्या कडेने जाऊ, सरळ पोचू.’ रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमानुसार यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवा. मागून येणारी गाडी ऐकू येईल हा शुद्ध भ्रम आहे, समोरून येणाऱ्या गाडीच्या आवाजात ती बुडून जाते. आमचा नियम साधा: जो रुळावर उतरला, तो पुढच्या रविवारी आमच्यात नाही.

आता माझी लाडकी चूक. खाडीकाठी जाताना तिथी न बघणं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घणसोलीहून ऐरोलीला चाललो होतो. तेव्हा घणसोलीच्या बाजूने पामबीचचा रस्ता तिवरांपाशी येऊन संपायचा आणि समोर ऐरोलीच्या इमारती हात लांबवला तर लागतील अशा दिसायच्या. तिथून मागे फिरायचं, वस्तीतून रबाळ्यावरून जायचं, हे ठरलेलं. त्या दिवशी एक नवा गडी होता, गळ्यात मोठा कॅमेरा. सकाळचे आठ वाजले होते, खाडी रिकामी, लांब गाळावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. ‘काका, वळसा कशाला? बांध दिसतोय की!’ बांध होता, पण मधे त्याला खांड पडलेली. खांडीत घोट्याएवढं पाणी. तो आणि आणखी दोघं उड्या मारत पलीकडे गेले. मी जा म्हटलं नाही, पण हात धरून अडवलंही नाही. ही माझी चूक, ती कबूल करतो.

त्या दिवशी माघ वद्य द्वितीया होती. ओहोटी साडेसातच्या सुमारास संपलेली. इथेच नवखे फसतात. पहिले दोन तास पाणी चढतंय असं वाटतच नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात ते धावत येतं. एकूण भरतीतलं निम्मं पाणी त्या दोन तासांत भरतं. मंडळी साडेदहाला परत वळली तेव्हा खांडीत कमरेइतकं पाणी आणि खाली गुडघाभर गाळ. एकाने पाय घातला, तो बूट तिथेच ठेवून बाहेर काढला. बांधाच्या उंच तुकड्यावर तिघं बसले, एका बिस्किटाच्या पुड्यावर. एक कोळी काका होडी घेऊन लांब उभे होते. त्यांनी ओरडून बसून राहायला सांगितलं, कारण पाणी पुरतं भरल्याशिवाय होडी बांधापर्यंत येणार नव्हती. साडेबाराला त्यांनी तिघांना काठावर आणलं. पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, ‘दुजेला दीडची भरती. घरान कॅलेंडर नाय का?’

हिशोब पाचवीतल्या पोराला येईल असा आहे. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. दुजेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तासभर पुढेमागे धरा. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते जास्त अचूक. पण मी शनिवारी रात्री भिंतीवरचं कॅलेंडर बघतोच, त्याची बॅटरी संपत नाही.

आणि गंमत म्हणजे पक्ष्यांसाठी गाळात उतरायची गरजच नसते. भरती चढली की पाणीच त्यांना काठाकडे ढकलतं. ठाणे खाडीचा अभयारण्याचा भाग २०१५ पासून राखीव आहे, २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. तिवरांत घुसणं तसंही बरं नव्हे. काठावर तासभर गप्प उभं राहा. पण गप्प उभं राहणं हल्ली कुणाला जमतं?

बाकीच्या चुका चटकन सांगतो.

कसाऱ्याच्या बाजूला जाताना लोक घराजवळून लांब चालत सुटतात. उलटं करा. आसनगावला उतरा आणि वाशिंद, खडवली असं घराकडे या. बऱ्याच लोकल टिटवाळ्यालाच संपतात, पुढे गाड्या विरळ. उरणच्या मार्गावरही तेच. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, पण नेरूळसारखी पाठोपाठ नाही. वेळापत्रक आधी बघा.

खडवलीला भातसा दिसली की कपडे काढू नका. वर धरण आहे, आणि तिथे दरवर्षी कुणीतरी बुडतं.

परतीचं तिकीट आधी काढू नका. कुठल्या स्टेशनावर दम संपेल हे तुम्हाला माहीत नसतं.

नवे बूट या दिवशी घालू नका. जुने घाला आणि पिशवीत एक चप्पल नि जुना पेपर ठेवा. चिखलाचे बूट पेपरात गुंडाळून बाकाखाली सरकवले की डब्यातल्या बायका आपल्याकडे बघत नाहीत.