कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडतंय? सेल बदलण्याआधी या चुका टाळा

वडाळ्याच्या एका वजनकाट्यावरून फोन आला तो भांडणामुळे. पावत्या छापणाऱ्या लिनक्स मशीनचं घड्याळ मागे पडत होतं. ट्रक काट्यावर चढला साडेपाचला, पावतीवर वेळ पाच एकवीस. काट्यावरचे मामा वैतागले होते: "साहेब, लॅमिंग्टन रोडवरून दोनदा नवीन सेल आणून टाकला. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच!"

पहिली चूक हीच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मशीन बंद असताना घड्याळ चालवतो. लिनक्स ते घड्याळ सुरू होताना एकदा बघतं आणि पुढे वेळ स्वतः सांभाळतं. म्हणून 'डेट' (लिनक्सची वेळ) आणि 'एचडब्ल्यूक्लॉक' (सेलवरच्या घड्याळाची वेळ) या दोन कमांड लागोपाठ चालवा. मामांच्या मशीनवर डेट नऊ मिनिटं मागे, एचडब्ल्यूक्लॉक मोबाइलशी तंतोतंत. सेल बिचारा निर्दोष.

आणि हे बघायच्या आधी रीस्टार्ट मारू नका. बरीच लिनक्स मशीन्स बंद होताना आपली चुकीची वेळ सेलवरच्या घड्याळात लिहून टाकतात. मग दोन्ही घड्याळं सारखीच चुकतात आणि संशय परत सेलवर.

मामांनी सहज सांगितलं, "रविवारी काटा बंद असतो, तेव्हा बरोबर चालतं." तिथंच धागा सापडला. काटा चालू असला की वजन दाखवणारा डबा, म्हणजे इंडिकेटर, गाडी असो-नसो, सीरियल पोर्टवरून मशीनमध्ये ९६०० बॉडच्या वेगानं आकडे ओतत होता. मशीन जुनं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६ च्या काळातला, वेळ टायमरच्या ठोक्यांवर मोजणारा. दर ४ मिलिसेकंदांना एक ठोका. पोर्टवर एखादं अक्षर हुकलं की कर्नल 'इनपुट ओव्हररन' असा मेसेज टाकायचा, आणि कुणीतरी कधीकाळी कर्नलचे मेसेज दुसऱ्या सीरियल पोर्टवर वळवून ठेवले होते. तोही ९६०० वरच. साधारण २८ अक्षरांची ओळ, एका अक्षराला जेमतेम १ मिलिसेकंद. तेवढा वेळ इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरच्या हाका, बंद; टायमरचा ठोकाही अशीच एक हाक. २८ मिलिसेकंदांत ठोके पडतात सात, या हाका पोचवणारा इंटरप्ट कंट्रोलर लक्षात ठेवतो एक. बाकीचे गेले. त्याच वेळात इंडिकेटरची अक्षरंही सांडतात, की पुन्हा ओव्हररन, पुन्हा मेसेज.

इथे लोक १६५५०ए ही सीरियल पोर्टची चिप असलेलं कार्ड घ्यायला धावतात. जुन्या एका बाइटच्या बफरपेक्षा ती चांगलीच, पण तिचा १६ बाइटचा बफर ९६०० वर १७ मिलिसेकंदांत भरतो. २८ पुढे तो कुठला पुरणार? आम्ही 'डीमेसेज -एन १' ही कमांड देऊन कन्सोलवरचे, म्हणजे त्या दुसऱ्या पोर्टवर जाणारे, मेसेज थांबवले आणि इंडिकेटर सतत पाठवण्याऐवजी मागेल तेव्हाच वजन देईल असा सेट केला. कन्सोल हवाच असेल तर ११५२०० वर ठेवा. तीच ओळ अडीच मिलिसेकंदांत संपते.

एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) लावून हा रोग झाकायला जाऊ नका. ते घड्याळ हळूहळू सरकवतं ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५०० भाग), म्हणजे दिवसाला ४३ सेकंद. नऊ मिनिटांची तूट त्यानं कशी भरायची? मग ते मधूनच वेळेला धक्का देतं आणि पावत्यांमध्ये मिनिटं गायब दिसतात. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी वेळ बसवणं हा त्याच जातीचा जुगाड. एनटीपी लावा, पण गळती थांबवल्यावर.

तुमचं मशीन नवं असेल आणि क्लॉकसोर्स (वेळ मोजायचा आधार) टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला काउंटर, असेल, तर ठोके हुकले तरी कर्नल तो काउंटर वाचून हिशेब जुळवतो. तिथे सीरियल पोर्टच्या मागे लागू नका.