गुडघे सांभाळून घरच्या घरी व्यायाम : एक खुर्ची, एक भिंत आणि पाण्याच्या दोन बाटल्या

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर जिना उतरताना माझे गुडघे दुखू लागले, तेव्हा आधी मी वारंवार खाली जाणे टाळू लागले आणि पाठोपाठ तलावपाळीच्या फेऱ्याही बंद केल्या. तो निर्णय चुकीचा होता. तपासणीत असे दिसले की गुडघ्यांची झीज फारशी नव्हती, पण मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू अशक्त झाले होते आणि जो भार त्यांनी झेलायचा, तो सांध्यावर येत होता. म्हणजे मला विश्रांतीची नव्हे, तर सांध्याला न दुखवता स्नायूंना कामाला लावणाऱ्या व्यायामाची गरज होती. तेव्हापासून मी दहा बाय बाराच्या खोलीत, जवळजवळ काहीही विकत न आणता व्यायाम करत आले आहे.

कमी आघाताचा व्यायाम म्हणजे कमी श्रमाचा व्यायाम, असा समज पुष्कळ जणांचा असतो आणि तो आधी दूर केला पाहिजे. चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते, त्यामुळे प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनापेक्षा थोडाच अधिक जोर पायावर येतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि पाऊल टेकताना तोच जोर वजनाच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत जातो. हा आदळण्याचा भाग काढून टाकला, तरी स्नायूंना आणि हृदयाला भरपूर काम देता येते. उड्या नसल्यामुळे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही, आणि जुन्या इमारतींत हा विचार करावाच लागतो.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा सुजलेला सांधा असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. व्यायाम करताना छातीत दुखले, दाटल्यासारखे वाटले किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

एकच व्यायाम करायला वेळ असेल, तर तो खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा करावा. साधारण सतरा इंच उंचीची, हात नसलेली, लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्यावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून ती घ्यायचीच असेल तर भिंतीचा आधार असल्याशिवाय मुळीच घेऊ नये, आणि फरशी नुकतीच पुसलेली असेल तर ती पूर्ण वाळू द्यावी. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसून पाय खांद्यांइतके फाकवावेत आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. हात छातीवर दुमडून, कमरेतून पुढे झुकून, श्वास सोडत उभे राहावे. खरे काम खाली बसताना आहे. मनात तीनपर्यंत आकडे मोजत सावकाश बसावे. शेवटच्या क्षणी अंग खुर्चीवर टाकून देऊ नये. संपूर्ण वेळ गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. ते आत वळत असतील तर वेग कमी करावा.

हे जमत नसेल, किंवा जमते पण गुडघा दुखतो, तर खुर्चीवर घडी घातलेली गोधडी किंवा जाड सतरंजी ठेवून बसण्याची जागा उंच करावी. आठ वेळा उठबस सहज होऊ लागली की एक घडी कमी करावी. माझ्या आईने सत्तराव्या वर्षी दोन गोधड्या आणि शेजारच्या टेबलाचा आधार घेऊन सुरुवात केली होती, आणि पूर्ण खुर्चीपर्यंत यायला तिला तीन महिने लागले. ते तीन महिने मला आजही मोलाचे वाटतात, कारण त्यानंतर ती देवघरासमोरच्या पाटावरून कुणाचा हात न धरता उठू लागली. ज्यांना उठबस सोपी जाते, त्यांनी पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरावी.

आपली ताकद कुठे आहे, हेही याच खुर्चीवर मोजता येते. हात छातीवर ठेवून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. साठ ते चौसष्ट वर्षे वयात स्त्रियांसाठी १२ पेक्षा आणि पुरुषांसाठी १४ पेक्षा कमी आकडा सरासरीच्या खालचा मानला जातो. हा आकडा लिहून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा मोजावा.

हातांसाठी आणि छातीसाठी भिंत पुरते. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे खांद्यांच्या रेषेत भिंतीवर टेकवावेत, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. बारा वेळा करूनही दम लागत नसेल, तर भिंतीऐवजी स्वयंपाकघरातला पक्का ओटा वापरावा. जितके खाली वाकाल, तितका हातांवर अधिक भार येतो.

ढकलण्याचा व्यायाम सगळे करतात, ओढण्याचा मात्र विसरतात. लोकलमध्ये मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला तर पाठीच्या वरच्या भागाची ताकद अधिक हवी. एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकावे आणि दुसऱ्या हाताने किराण्याची भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढावी. कोपर अंगाजवळून मागे गेले पाहिजे. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे जवळजवळ नेमका एक किलो, त्यामुळे पिशवीत किती बाटल्या आहेत यावरून भार समजतो आणि हळूहळू वाढवताही येतो. छोट्या बाटलीत पाण्याऐवजी कोरडी वाळू भरली, तर ती तेवढ्याच जागेत सुमारे दीडपट जड होते. वजने विकत आणण्याची गरज मला आजवर भासलेली नाही.

यांच्या जोडीला दोन छोटे व्यायाम पुरेत. उताणे झोपून, एक गुडघा दुमडून, दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर वर उचलावा आणि पाच आकडे धरून ठेवावा. गुडघा वाकवताच दुखत असेल, त्या काळात हा व्यायाम फार उपयोगी पडतो. ओट्याला हात लावून चवड्यांवर सावकाश उभे राहणे आणि टाचा तितक्याच सावकाश खाली आणणे, हा पोटऱ्यांसाठी आहे.

दम वाढवण्यासाठी जागच्या जागी चालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ती सलग दहा मिनिटे झाली तरच मोजायची ही जुनी अट आता राहिलेली नाही. म्हणून कुकरच्या शिट्या होईपर्यंतची सहा मिनिटेही हिशेबात धरावीत. गुडघे कमरेच्या जवळपास आणत, हात कोपरातून हलवत चालावे. मग दोन पावले उजवीकडे, दोन डावीकडे असा बदल करावा. श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे ओळखण्याची खूण सोपी आहे : बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये. नुसत्या लादीवर अर्धा तास चालल्याने टाचा दुखतात, त्यामुळे घरात वापरायचे मऊ तळव्याचे बूट घालावेत. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी व्यायाम करूच नये. पावसाळ्यात बाहेरचे चालणे महिनोन्‌महिने खंडित होते, तेव्हा हा व्यायाम फार कामी येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात मात्र सकाळी सातच्या आत उरकावे आणि पाणी जवळ ठेवावे.

जिना हे फुकटचे साधन आहे, पण चढणे आणि उतरणे सारखे नाही. उतरताना गुडघ्यावर अधिक ताण येतो, म्हणून लिफ्ट असलेल्यांनी चढून जावे आणि लिफ्टने उतरावे. लिफ्ट नसेल तर कठडा धरावा. चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा.

तोल सांभाळण्याचा सराव साठीनंतर अत्यावश्यक आहे; पासष्टीपुढच्यांनी आठवड्यात किमान तीन दिवस तो करावा, असे वरील शिफारशींतही आहे. दूध तापेपर्यंत ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभे राहावे. लाद्यांच्या जोडाच्या सरळ रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत, भिंतीच्या कडेने चालावे. हे गादीवर करू नये.

सूर्यनमस्कारांविषयी नेहमी विचारणा होते, विशेषतः रथसप्तमीच्या सुमारास संकल्प सोडणाऱ्यांकडून. पाय उडी मारून मागे न टाकता एकेक करून सावकाश नेला, तर तेही कमी आघाताचेच आहेत. मात्र मनगटे दुखत असतील, किंवा डोके खाली नेल्यावर गरगरत असेल, तर जमिनीऐवजी भक्कम खुर्चीच्या बैठकीवर हात टेकवून करावेत. पहिल्याच दिवशी बारा घालण्याचा आग्रह मला योग्य वाटत नाही. तीन नीट घालावेत.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, एका आवर्तनापासून सुरू करून तीनपर्यंत न्यावा. श्वास कधीही कोंडू नये, त्याने रक्तदाब एकदम वाढतो. चालणे उरलेल्या दिवशी ठेवावे.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, तर घाबरू नये. एक-दोन दिवसांत त्या मोकळ्या होतात. पण दुखणे सांध्याच्या आत असेल, गुडघा सुजला असेल किंवा आदल्या दिवशीपेक्षा जिना अवघड जात असेल, तर भार जास्त झाला असे समजावे. अशा वेळी व्यायाम पूर्ण बंद करण्याऐवजी तो निम्म्यावर आणावा आणि खुर्चीवर पुन्हा एक गोधडी ठेवावी. सूज तीन-चार दिवसांत उतरली नाही, किंवा गुडघा मध्येच अडकू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कोणता व्यायाम किती वेळा केला ते सांगता यावे, यासाठी रोजचे आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहीत जावे.