जुनं आउटबोर्ड स्लोवर मिसिंग मारतंय? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी संपली की किनाऱ्यावर उभी राहिलेली आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मशीन, पुन्हा होडीला लागतात, आणि तीच तक्रार सुरू होते. रेस दिली तर मशीन छान चालतं, पण जेटीजवळ येऊन स्लो केलं, म्हणजे रेस सोडून मंद चालवलं, की थरथरतं, फटफटतं आणि गिअर टाकताच बंद पडतं. इथे आपण दोन सिलिंडरच्या, दोरीने सुरू होणाऱ्या, पेट्रोलवरच्या जुन्या टू-स्ट्रोक मशीनबद्दल बोलतोय. खाडीत आणि किनाऱ्यालगत अशी बरीच मशीन अजून चालतात.

पहिली चूक म्हणजे थेट कार्बोरेटरच्या स्क्रूला, म्हणजे स्लोवर हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूला, हात घालणं. दोष प्लगमध्ये असतो, स्क्रू मात्र जागेवरून हलतो. मग प्लग बदलूनही मशीन सुधारत नाही, कारण आता दोन दोष झालेले असतात. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा आणि परत तेवढाच बाहेर काढा. आवळून बसवू नका. स्क्रूच्या सुईसारखं टोक चेपलं की स्लो पुन्हा कधीच नीट लागत नाही.

आधी कोणता सिलिंडर मेलाय ते शोधा

मशीन पाण्यात ठेवूनच सुरू करा. फक्त दोन मिनिटं म्हणून कोरडं चालवलं तरी वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर जळतो.

मशीन बंद असताना एका प्लगची वायर काढून स्पार्क टेस्टरला लावा आणि टेस्टर इंजिनच्या धातूला अर्थ करा. मग मशीन सुरू करा. आवाज आणखी पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला आहे. चालत्या मशीनवरून हाताने वायर उपटणं ही मोठी चूक आहे. झटका तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल आणि सीडीआय युनिट (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतं. ते युनिट प्लगच्या कितीतरी पट महाग असतं.

मेलेला सिलिंडर सापडला की दोन्ही प्लगची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लगच खराब आहे. तसाच राहिला तर कॉइलची अदलाबदल करून बघा. नवा प्लग घेताना नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एनजीकेच्या नंबरात शेवटी -10 असेल तर त्याचा गॅप 1.0 मिमी असतो. -10 नसलेला तसाच प्लग 0.6 ते 0.7 मिमीचा येतो. दुकानदाराने 'सेमच आहे' म्हणून दिलेला प्लग बसतो नीट, पण स्लोवर फरक दाखवतो.

थंड असताना ठीक आणि वीस मिनिटांनी मिसिंग, असं असेल तर तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलवर किंवा स्टेटरवर (फ्लायव्हीलखाली वीज तयार करणारा भाग) संशय घ्या. अशा वेळी ठिणगी मशीन गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर ती पुन्हा निळी दिसेल. अर्थच्या वायरीची टोकंही बघा. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि बाहेरून घट्ट दिसणारा नट आतून सैल असतो.

कॉम्प्रेशन न बघता खर्च करू नका

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. ही तपासणी लोक टाळतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. मशीन थोडं गरम करून बंद करा. दोन्ही प्लग काढा, वायरी अर्थ करा, एकेका प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढा. दोन्ही सिलिंडरमधला फरक 10 टक्क्यांच्या आत हवा. एकाचं कॉम्प्रेशन फारच कमी असेल तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी स्लो लागणार नाही. रिंग, पिस्टन किंवा हेड गॅस्केट उघडावंच लागेल. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, म्हणजे गॅस्केट गेलंय.

पेट्रोलकडे आता जास्त लक्ष लागतं

पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. मशीनचा पाइप तळातूनच ओढतो, आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे मशीन नुसतं मिसिंग मारत नाही, ते वंगणाशिवाय चालतं. पावसाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल नव्यात मिसळून 'संपवू' नका. थोडं काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा. नवं मिश्रण मॅन्युअलप्रमाणे करा. 50:1 असेल तर 10 लिटरला 200 मिली ऑइल. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी करू नका.

मिसिंग होत असताना पेट्रोलच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब दाबून बघा. मशीन सुधारलं तर पेट्रोल पोचत नाहीये. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय का, कनेक्टरची ओ-रिंग चिरली आहे का, पंपाचा डायफ्राम कडक झालाय का, या क्रमाने बघा. डायफ्राम फाटला तर उलटंही होतं. पेट्रोल थेट एका सिलिंडरकडे जातं आणि तिथला प्लग काळा, ओला निघतो.

अर्धा चोक ओढल्यावर सुधारलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलंय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. जेट स्टीलच्या तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर मारा, मग दाबाची हवा द्या, आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळची बारीक भोकंही मोकळी झाली याची खात्री करा. सुकून चिकट झालेलं पेट्रोल सगळ्यात आधी तिथेच अडकतं. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी उघडतात का तेही बघा.

पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन सगळं ठीक आणि तरी प्लग सारखे काळे होतात? थर्मोस्टॅट (मशीन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप) उघडा अडकलाय का बघा. मशीन तापतच नाही, म्हणून स्लोवर पेट्रोल नीट जळत नाही.

स्क्रूची वेळ आता येते. होडी पाण्यात घट्ट बांधा, मशीन गरम होऊ द्या, पुढच्या गिअरमध्ये टाका आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवून प्रत्येक वेळी पंधरा सेकंद थांबा. सगळ्यात गुळगुळीत चाल मिळेल तिथून थोडा श्रीमंत बाजूला, म्हणजे जास्त पेट्रोलच्या बाजूला, ठेवा. न्यूट्रलमध्ये लावलेला स्लो गिअर टाकताच कोसळतो.